हातचा

मोतीबिंदू उतरल्यापासून कागदावरचे आकडे एकमेकांत मिसळतात, म्हणून हल्ली गुणाकार तोंडी, आणि तोही डावीकडून. उजवीकडून करताना हातचा आपसूक पुढे सरकतो. डावीकडून म्हणायचं तर मागून येणाऱ्या हातच्याची चाहूल आधीच लागायला हवी. माझं घोडं तिथेच अडतं.

नऊ एकांचा वर्ग कुणीही म्हणेल: १२३४५६७८९८७६५४३२१. कापरेकर मास्तरांची ही डेम्लो संख्या, डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून. अंकांची बेरीज ८१, आणि ८१नं भाग नि:शेष जातो, म्हणजे हर्षदही. अवयव: ३चा चौथा घात, ३७चा वर्ग, ३३३६६७चा वर्ग. शेवटची मूळ आहे का हे बघायला ५७७पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागत बसणाऱ्यांची मला कीव येते. तिच्या कुठल्याही मूळ अवयवाचा व्यस्तांक दशांशात मांडला तर नऊ अंकांचं आवर्तन येणार. म्हणून १८नं भागल्यावर १ उरणाऱ्याच तपासाव्यात. सतरा भरतात.

दहावा एक जोडला की मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. चढतीचा आठ गायब! मधला १० मावत नाही, तो ९ला ढकलतो, ९ आठाला. हातचे नसते तर अंकांची बेरीज १०० झाली असती. प्रत्येक हातचा दहा काढून एक ठेवतो, दोघांचे अठरा गेले, उरले ८२. विषम संख्येला ८२नं भाग कसला जातोय? हर्षदपण संपलं. अकरा एकांना हातचे चार, बेरीज ८५. हे सगळं मला पाठ आहे, तरी 'सात' म्हटलं की जीभ आठाकडे धावतेच. चेन्नईत राहतो, तर तमिळमध्येही म्हणून पाहिलं. 'एळु'नंतर 'एट्टु' तर आणखीच घाईनं येतो.

नातीनं फोनवर करून पाहिलं, तर त्यानं शेवटचे आकडेच गिळले. ती टी. नगरात अबॅकसला जाते. उत्तर झटक्यात देते, हातचा कुठून आला विचारलं, तर "आजोबा, उत्तर बरोबर आहे ना?"

मास्तरांनी याच शहरात, १९४९च्या गणित परिषदेत ६१७४ मांडला. जग त्यावर लुब्ध आहे. मला विचाराल तर चार अंक उतरते-चढते मांडून वजा करत ६१७४ला पोचायचा, फार तर सात पायऱ्यांत आटपणारा खेळ. डेम्लोची खोली त्याला नाही. हे मी कुणाच्या तोंडावर बोलत नाही. रामानुजन १९१२ साली इथल्या पोर्ट ट्रस्टात हिशेबाच्या खात्यात कारकून होता आणि मी साहुकारपेठेतल्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या कीर्द-खतावण्या लिहिल्या, एवढ्या नात्यावर मी बऱ्याच फुशारक्या मारल्या आहेत.

विट्याकडची गलाईची पोरं अजून म्हणतात, "काका, तो मोठा आकडा म्हणा की." मी नऊ एकांचाच म्हणतो. दहाचा म्हणताना सातानंतर नऊ आला, की म्हातारा चुकला म्हणून ती हसतात. तेवढं मला सोसत नाही.