काठावरचा रंगमंच

१९४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा नगरीत पहिला आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. महायुद्धाच्या जखमा अजून ओल्या होत्या. निमंत्रण नसतानाही आठ नाट्यमंडळ्यांनी त्याच सुमारास, मिळेल त्या जागी आपले प्रयोग केले. महोत्सवाच्या काठाने झालेल्या या खेळांना पुढे ‘फ्रिंज’ हे नाव पडले. आजही तेथे निवड समिती नाही. ज्याला जागा मिळेल, त्याला प्रयोगाची मुभा.

परंतु मुभा मिळाली म्हणजे प्रेक्षक मिळतोच असे नाही. परदेशातून आलेली चार-पाच जणांची मंडळी प्रवासाचा, निवासाचा आणि जागेच्या भाड्याचा भार स्वतःच वाहते. एकाच सभागृहात दिवसभर निरनिराळे खेळ असतात. आधीच्यांचे सामान हलते न हलते, तोच पुढच्यांची मांडामांड सुरू होते आणि तासाभरात जागा मोकळी करावी लागते. रॉयल माइलच्या दगडी रस्त्यावर नटच पत्रके वाटतात. ऑगस्टमध्येही तेथे पाऊस येतो. भिजलेले पत्रक कोण हाती घेणार? मग संध्याकाळी समोर कधी तिघेच बसलेले दिसतात.

खरी कसोटी तेथे लागते. रिकाम्या खुर्च्या मोजणारा नट समोरच्या तिघांनाही गमावतो. जो भरल्या सभागृहाइतक्याच निष्ठेने उभा राहतो, त्याच्या पदरी कदाचित तोटाच येतो. परंतु आलेल्या माणसाचा मान तो राखतो. त्या पहिल्या आठ मंडळ्यांनाही कोणी बोलावले नव्हते.