गोठलेल्या तळ्यात पाय सुटले तेव्हा

"या वयात हे काय सुचले तुम्हाला?" असे आमच्या चाळीतल्या लोकांनी मला विचारले. तुम्हीही विचाराल. मी रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षे फिटर म्हणून राबलेला माणूस. नोकरीत असताना महाबळेश्वरची थंडीसुद्धा अंगावर घेतली नाही. आणि जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, रात्रीच्या काळोखात, पार उत्तरेकडच्या एका गोठलेल्या तळ्यात मी उताणा पडून तरंगत होतो. मला पोहता येत नाही, हेही सांगून टाकतो. आमचे गाव सोलापूरकडचे, दुष्काळी. उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचे, तिथे पोहायला कुठले?

पण खरी गोष्ट पोहण्याची नाही, भीतीची आहे. ती आधी सांगितली पाहिजे.

२६ जुलै २००५ चा तो मंगळवार. दुपारपासून आभाळ फाटले होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा नंतर कळला. त्या वेळी एवढेच कळत होते की गाड्या बंद आहेत आणि घरी बायको-मुले वाट पाहत आहेत. आम्ही चार-पाच कामगार पायीच कुर्ल्याकडे निघालो. मिठी नदी पात्र सोडून रस्त्यावर आली होती. पाणी आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागले. काळे, तेलकट पाणी. खाली काय आहे ते दिसत नव्हते. एका ठिकाणी पाऊल टाकले आणि खाली जमीनच नव्हती. उघडे गटार होते की खड्डा, कोण जाणे. नाकातोंडात पाणी गेले. वस्तीतल्या पोरांनी दोन खांबांना दोर बांधला होता. त्यातल्या एकाने माझ्या पिशवीचा पट्टा धरून मला खेचले, दोर हातात दिला आणि म्हणाला, "काका, सोडू नका." दोर धरून धरून मी एका दुकानाच्या ओट्यावर पोहोचलो आणि रात्रभर तिथेच उभा राहिलो. सकाळी पाणी ओसरले तेव्हा तो पोरगा दिसला नाही. नावही विचारायचे राहून गेले.

त्या पावसात शेकडो माणसे गेली. मी वाचलो. पण पाय जमिनीवरून सुटणे ही गोष्ट त्या दिवसापासून मला सोसत नाही. जुहूला गेलो तरी घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाही. झोपेत पाय सुटल्यासारखे होते आणि दचकून उठतो. घरच्यांना हे ठाऊक होते. बाहेर कधी बोललो नाही. गडी माणसाने भीती सांगायची नसते, असे आपल्याकडे शिकवतात ना!

लेक शिकली, इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी फिनलंडला, हेलसिंकी शहराजवळ गेली. तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावले आणि उत्तरेकडच्या रोव्हानिएमी या गावाची सहल ठरवली. रात्रीच्या गाडीने बाराएक तास लागले. जुनी सवय जाते कुठे? मी आधी रुळांकडे पाहिले. आपल्याकडे दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते, तिथे १५२४. सकाळ झाली म्हणे, पण बाहेर रात्रच होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे जेमतेम तीन तास सूर्य दिसतो, तोही क्षितिजाला चिकटून. तिथून सात-आठ किलोमीटर उत्तरेला गेले की आर्क्टिक वृत्ताची रेघ लागते. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ सगळे जाळून टाकले होते. लोकांनी ते पुन्हा उभे केले. आज तिथे जगभरचे लोक थंडी पाहायला येतात. थंडी पाहायला पैसे देऊन येतात, याचे सौ.ला भारी नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "पप्पा, आज रात्री तळ्यात तरंगायला जायचंय. तुम्ही नुसते काठावर बसा हवं तर." ती माझ्याकडे न बघता बोलली, तेव्हाच मी ओळखले की तिने हे जाणूनबुजून ठरवले आहे.

रात्री जंगलातल्या तळ्यावर गेलो. उणे अठरा अंश तापमान. तळे कसले, पांढरे मैदानच! त्यावरून चालत मध्यापर्यंत गेलो तरी पायाखाली पाणी आहे असे वाटेना. चांगला पाच सेंटीमीटर जाडीचा बर्फ एका माणसाला पेलतो, असे तिथले लोक मानतात. इथे तर तो हातभर जाड होता. करवतीने कापून आमच्या चाळीच्या खोलीएवढा चौकोन मोकळा केला होता. त्यात काळे पाणी. वर पुन:पुन्हा पापुद्रा धरत होता आणि गाईडचे काम करणारी एक तरुण मुलगी झाऱ्यासारख्या जाळीने तो काढून टाकत होती. ते काळे पाणी पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला.

काठावरच्या लाकडी खोपटात शेगडी पेटली होती. तिथे आम्हाला सूट दिले. लाल रंगाचे, निओप्रीन नावाच्या जाड रबरी कापडाचे. बूट, मोजे, टोपी सगळे एकालाच जोडलेले. नेहमीच्या लोकरी कपड्यांवरून तो चढवायचा आणि चेन हनुवटीपर्यंत ओढायची. फक्त तोंड उघडे राहते. मुळात हा पोशाख समुद्रावरच्या कामगारांसाठी. जहाज बुडाले तर थंड पाण्यात जीव राहावा म्हणून. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. एवढ्या थंड पाण्यात साध्या कपड्यांनी पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच चालेनासे होतात. या सुटात पाणी शिरत नाही आणि आत कोंडलेली हवा माणसाला बुडू देत नाही.

चेन ओढताना मला आमच्या चाळीतला एक शेजारी आठवला. तो गटारात उतरायचा. अंगात बनियन, कमरेला दोर, बस्स. माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले, पण ते ऐकायला तो राहिला नाही. इथे मी तासाभराच्या मौजेसाठी नखशिखान्त सूट घालून उभा होतो. साधन जगात आहे. ते कोणाच्या अंगावर चढते, एवढाच प्रश्न आहे. असो.

आधी लेक उतरली. मग सौ. उतरली! जिने जन्मात कधी विहिरीत डोकावून पाहिले नाही ती बाई लाकडी शिडीवरून उतरली आणि लाल ओंडक्यासारखी तरंगू लागली. मी काठावरच. गाईड मुलीने दोराचे एक टोक माझ्या सुटाला अडकवले, दुसरे आपल्या हातात धरले आणि मनगटाभोवती वेढा घेऊन मला दाखवला. काही बोलली नाही. तो दोर पाहिला आणि मी शिडीवर पाय ठेवला.

शेवटच्या पायरीवरून पाय सुटले. तेच! तीच २६ जुलै! छातीत धस्स झाले, तोंडात कुर्ल्याच्या पाण्याची चव आली. हात मारू लागलो, मान ताठ वर धरली. तेवढ्यात शेजारून सौ.चा आवाज आला, "अहो, मान टाका मागे. उशीवर टाकता तशी. मान धरून ठेवलीय म्हणून बुडाल्यासारखं वाटतंय."

मी मान टाकली. आणि पाय आपोआप वर आले. खालून कोणीतरी हात लावून उचलावे तसे. पाणी चहूबाजूंनी अंगाला दाबत होते, पण ओले करत नव्हते. मी काहीच करत नव्हतो आणि बुडत नव्हतो.

तरंगताना डोक्यात एक गोष्ट आली. लेकीने वाटेत सांगितली होती. पाणी सगळ्यात जड असते ते चार अंशांना. त्याहून गार झाले की ते हलके होऊन वर येते आणि गोठते. गोठताना फुगते, म्हणून बर्फ तरंगतो. खाली चार अंशांचे पाणी राहते आणि त्यात मासे हिवाळा काढतात. बर्फ जड असता तर तळी तळापासून गोठली असती आणि आत काही जगले नसते. म्हणजे वरचा हा पांढरा थर खालच्या जिवांचे पांघरूणच. आणि मी त्याच पाण्यावर पांघरूण घेऊन पडलो होतो.

वर आभाळ मोकळे होते. ध्रुवतारा शोधला. आमच्या गावी तो उत्तरेला, शेजारच्या घराच्या आढ्यावर दिसायचा. इथे जवळजवळ डोक्यावर! जितके उत्तरेला जावे तितका तो वर चढतो. तारा तोच, आपणच चालत किती दूर आलो याचा तो हिशेब. मग उत्तरेला फिकट हिरवट पट्टा उमटला, हलला, विरला. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हवेतल्या प्राणवायूला धडकतात, त्याचा हा उजेड. फिनलंडचे लोक त्याला 'कोल्ह्याची आग' म्हणतात. कोल्हा बर्फावरून शेपूट झाडत पळतो आणि त्याच्या ठिणग्या आभाळात उडतात, अशी जुनी गोष्ट आहे. छायाचित्रांत दिसतो तसा तो झगमगाट नव्हता. धुतलेल्या लुगड्यासारखा फिका होता. पण पुरेसा होता.

कोणी बोलत नव्हते. भुवयांवर श्वास गोठत होता. मला तो कुर्ल्याचा पोरगा आठवला. आता तो पस्तीस-चाळिशीचा असेल. तो म्हणाला होता, सोडू नका. बायको म्हणाली, सोडा. दोघांचेही बरोबर होते. दोघांच्याही वेळी दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी होते.

वीसेक मिनिटांनी लेकीने हात दिला आणि मी बर्फावर आलो. खोपटात बोरांचा गरम रस मिळाला. सौ. म्हणाली, "काय, बुडालात का?" मी म्हणालो, "नाही." तेवढेच बोललो. लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले. ते मी पाहिले नाही असे दाखवले.

मी शूर झालो असे समजू नका. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचले की आजही पोटात कालवते, आणि कालवलेच पाहिजे. ते पाणी तसेच आहे. पण एक गोष्ट मला समजली. नुसते 'घाबरू नको' म्हणून भीती जात नाही. अंगावर साधन हवे, काठावर जागे माणूस हवे, आणि आपल्याला शिकवलेले असावे. या तीन गोष्टी असल्या तर पासष्ट वर्षांचा माणूसही मान टाकून निवांत पडू शकतो. त्या नसल्या तर गुडघाभर पाणीही घात करते.

म्हणून एक विनंती. आपल्या पोरांना, विशेषतः पोरींना, पोहायला शिकवा. तळे गोठलेले असण्याची गरज नाही. परत आल्यावर मी नातवाचे नाव महापालिकेच्या तरण तलावात घातले. त्याला सोडायला जातो. शिकवणारे सर म्हणाले, "आजोबा, तुम्हीही या." कमरेएवढ्या पाण्याच्या बाजूला आठवड्यातून दोनदा उतरतो. कठडा धरतो, मान मागे टाकतो आणि पाय सोडतो. सध्या दहापर्यंत मोजून होते. नातू शेजारी उभा राहून आकडे मोजतो.