डोंगरमाथ्यावरून बोलणारा रेडिओ

हवामान आणि बाजारभाव सांगणारा रेडिओ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो बोलतो आणि आपण ऐकतो. पण ज्यावर आपल्यालाही बोलता येते असाही एक रेडिओ असतो. त्याला हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणतात. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा दिली की त्याचा परवाना मिळतो आणि प्रत्येकाला स्वतःचे एक संकेतनाम मिळते. मी असा परवाना घेतलेला कृषी विस्तार अधिकारी आहे.

खत-बियाण्यांच्या माणसाला हे कसले वेड, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी मी मुक्कामाला अडकलो होतो. पावसाने वीज गेली. मग टॉवरची बॅटरी उतरली आणि गावातले सगळे मोबाईल मुके झाले. त्या रात्री एका सुनेला कळा सुरू झाल्या. चार माणसांनी तिला बाजेवर घालून नाल्यापर्यंत नेले. पलीकडे गाडी येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहाटे पाणी उतरले, गाडी मिळाली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण त्या रात्री पलीकडच्या काठाला एक वाक्य पोहोचवायला आमच्याकडे काही नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. पुढच्या वर्षी मी परीक्षेला बसलो.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीसाठी आम्ही सहकुटुंब चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीला गेलो. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा बांधून घेतला होता. माझ्या पाठीवरच्या पिशवीत मात्र रेडिओ, तार आणि बॅटरी होती. "अहो, लोक देवदर्शनाला येतात आणि तुम्ही दुकान घेऊन निघालात," असे सौभाग्यवती म्हणाल्याच.

देवीचे मंदिर डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे हातातला छोटा संच सुरू केला, तर नुसती खरखर. या संचाच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मधे डोंगर आला की अडतात. दर्शन झाल्यावर आम्ही कन्हेरगड चढलो. हा भाग अभयारण्याचा असल्याने वनखात्याला आधी विचारून घेतले होते. माथ्यावर पोहोचलो आणि उत्तरेला खानदेशचा सपाट मुलूख उघडा झाला. तोच संच, तीच बॅटरी, पण आता धुळ्याकडच्या एका मित्राचा आवाज शेजारी बसल्यासारखा येऊ लागला.

याचा हिशेब सोपा आहे. भोवतालच्या सपाटीपासून आपण जितके मीटर उंच असू, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 4 ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे लहर साधारण किती किलोमीटर जाईल तो अंदाज. 300 मीटर उंचीवरून सुमारे 70 किलोमीटर. समोरचाही उंचावर असेल तर आणखी लांब. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी ज्या पाटण गावी मठ स्थापला, त्याच परिसरात हे वर्गमूळ मुलीकडून सोडवून घेताना मला फार बरे वाटले.

त्याहून लांब बोलायचे तर लघुलहरी लागतात. त्या आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा जमिनीकडे येतात. त्यासाठी 10-10 मीटरच्या दोन तारा घेतल्या, मधोमध वेळूच्या काठीने उचलल्या आणि टोके दोन बाजूंना खाली बांधली. बॅटरी आपल्या फवारणीच्या पंपात असते तशीच 12 व्होल्टची. संचाची शक्ती 5 वॅट, म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. तेवढ्यावर दुपारी हैदराबादचा माणूस बोलला.

आमची मुलगी बारावीला आहे. परवाना नसल्याने ती बोलू शकत नव्हती, म्हणून वेळ, संकेतनाम आणि आवाजाची प्रत लिहायची वही तिच्याकडे दिली होती. उतरताना ती म्हणाली, "बाबा, मीही परीक्षा देणार." घरी आल्यावर तिच्या आजीने कपाळाला हात लावला. मुलीच्या जातीने डोंगरावर काठ्या रोवत बसायचे का, असा त्यांचा सवाल होता.

मी वाद घातला नाही. पोर्ट ब्लेअरची हकीगत सांगितली. डिसेंबर 2004 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची एक तुकडी अंदमानात गेली होती. तिथून बोलण्याची संधी क्वचित मिळत असल्याने जगभरचे हौशी त्यांच्याशी बोलायला धडपडत होते. सगळा हौसेचा मामला. 26 डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, त्सुनामी आली आणि टेलिफोन बंद पडले. त्या तुकडीच्या प्रमुख भारती प्रसाद या बाई होत्या. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवायला सुरुवात केली. काल जी मौज होती, तीच आज हजारो घरांचा आधार झाली.

सासूबाई ऐकून गप्प राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग ती बाजेवरची पोर, तिच्या वेळी असा रेडिओ असता तर?" मी म्हणालो, "नाल्याच्या दोन्ही काठांना एकेक असता, तर गाडी आधीच येऊन थांबली असती." मुलीचा फॉर्म भरण्याला नंतर कोणी हरकत घेतली नाही.

डोंगरावर चढून रेडिओ चालवण्याचा खेळ परदेशात चांगला रुळला आहे. 2002 साली ब्रिटनमध्ये त्याची रीतसर योजना सुरू झाली. शिखराच्या उंचीप्रमाणे गुण ठरतात, पण ते मिळायला माथ्यावरून निदान चार वेगवेगळ्या केंद्रांशी बोलावे लागते. खेळ असला तरी त्यात तयारी होते. तार कशी बांधायची, बॅटरी किती पुरते, कुठल्या माथ्यावरून कुठले गाव लागते, हे सुट्टीत कळले तरच संकटात उपयोगी पडते. पूर आल्यावर पुस्तक उघडून काय होणार?

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा. परवान्याशिवाय संच चालवणे गुन्हा आहे. या रेडिओवर धंद्याचे निरोप चालत नाहीत, त्यामुळे कापसाचा भाव विचारायला तो घेऊ नका. आकाशात वीज चमकू लागली की तार लगेच उतरवा आणि माथा सोडा. आणि बोलण्याआधी नेहमी ऐका. दुसरा कोणी बोलत असेल तर थांबायचे, ही या छंदातली पहिली शिस्त आहे.

तुमच्या घरात जुने रेडिओ उघडून बसणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर रागावू नका. परीक्षेची चौकशी करा. आपल्या गावाजवळचा उंच माथा कोणता आणि तिथून तालुक्याचे गाव दिसते का, हे येत्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चढून पाहून या. भाकरी बांधून न्यायला विसरू नका.