हवेचे भाडे

आमच्या घरी एक डुक्कर आहे. हे वाचून गिरगावातल्या सोवळ्या वाचकांनी नाक मुरडू नये. आमचे डुक्कर फक्त पेट्रोल पिते, आणि तेही हल्ली महिन्यातून एखाद्या रविवारी. १९५६ सालची फियाट अकराशे आहे ती. तिचे गोल, पुढे आलेले तोंड आणि मधोमध ती जाळी पाहून कोणा खट्याळ माणसाने तिला 'डुक्कर फियाट' म्हटले असावे, आणि ते नाव असे काही चिकटले की कंपनीने दिलेले नाव आता सांगूनही कोणाला कळत नाही. पुढची दारे उलटी उघडतात, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी आहे, आणि हॉर्न वाजवला की वाडीतली कबुतरे अजून उडतात.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७४ साली दादरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. नवी फियाट हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अण्णांचा हिशेब असा, की तोवर मुलगा मोठा होऊन नोकरीला लागायचा, आणि मग गाडीत आपल्याला पुढे बसवतो की मागे, कोण जाणे!

यंदा गणपतीच्या आधी मंडपाचे बांबू घेऊन एक टेम्पो वाडीत आला आणि मागे घेताना थेट डुकराच्या तोंडावर गेला. दिवे वाचले, बॉनेट वाचले. जाळीचे मात्र तीन तुकडे झाले आणि त्यातला एक गटारात गेला. मंडळाची मुले इतकी ओशाळली की आमची वर्गणी परत द्यायला निघाली. अण्णा गॅलरीतून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. आई जाऊन दीड वर्ष झाले, तेव्हापासून ते फारसे बोलतच नाहीत. रात्री जेवताना एवढेच म्हणाले,

"दसऱ्याला हार कुठं बांधायचा?"

घास माझ्या घशात अडकला. पन्नास वर्षे आई दर दसऱ्याला झेंडूचा हार त्या जाळीलाच बांधीत आली होती. गाडीला कुंकू लावून झाले की ती जाळीवर हलकेच हात फिरवी, एखाद्या गायीच्या तोंडावरून फिरवावा तसा.

दुसऱ्या दिवसापासून माझी वणवण सुरू झाली. ऑपेरा हाउसजवळ मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. आमच्या वाडीपासून चालत दहा मिनिटे. एका दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. म्हणाला, "साहेब, काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोवर फियाटचा माल ठेवायला परवडत होतं. आता कोणासाठी ठेवू?" त्याचे खरेच होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. आणि पद्मिनीची जाळी मिळाली असती तरी आमच्या डुकराला ती बसणार नव्हती. तो चेहराच निराळा. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एकाने मला भलतीच एक जाळी 'हीच ती' म्हणून शपथेवर दाखवली. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो तेव्हा मात्र मनात आले, ही गाडी जुळवली गेली ती याच कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. आणि आज त्याच गावात तिच्या नाकाचा तुकडा मिळू नये!

लालबागच्या आमच्या मेस्त्रींनी दोन तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "पत्र्याची ठोकून देतो," म्हणाले, "पण सांगून ठेवतो, डब्याच्या झाकणासारखी दिसेल. अण्णांना दाखवायची माझी छाती नाही."

शेवटी चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून दिली. इटलीत, तुरीनजवळच्या एका गावात, जुन्या फियाटींचेच भाग विकणारा एक दुकानदार निघाला. जाळी होती. किंमत ८५ युरो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या वर; म्हणजे साडेआठ-नऊ हजार. जड होती, पण आईच्या हारासाठी मी मनाची तयारी केली. मग खालची ओळ वाचली. पाठवण्याचा खर्च, १९० युरो.

वस्तूला ८५ आणि तिच्या प्रवासाला १९०! मी स्वतः जाऊन आणली तर, असाही विचार क्षणभर मनात येऊन गेला. घरात कोणी परदेशी नाही असे घर गिरगावात शोधावे लागेल. माझाही एक पुतण्या श्टुटगार्टला आहे. पण तो येणार डिसेंबरात, आणि दसरा काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. मी दुकानदाराला कारण विचारले. त्याने सौजन्याने कोष्टक पाठवले. जाळीचे वजन २.३ किलो, पण खोके ७० बाय ५० बाय ३० सेंटिमीटरचे. कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला पाच हजारांनी भागतात. येणारे उत्तर किलोत, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असेल तर आकार त्याचा. आमचे उत्तर आले २१ किलो.

"अठरा किलो हवा!" मी ओरडलोच. "इटलीहून हवा मागवायची आणि तिचे भाडे भरायचे! ही लूट आहे."

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग नका मागवू." बायकांच्या सल्ल्यात हा मोठा दोष आहे, तो अगदी बरोबर असतो.

तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला.

"लूट कसली? रीतच आहे ती."

मी वळून पाहिले. अण्णा ताठ बसले होते. १९५७ साली, विसाव्या वर्षी, ते फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून म्हणून लागले आणि पुढली अडतीस वर्षे गोदीवरच होते. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि माल कंटेनरमधून यायला लागला, तेव्हापासून 'आता पेटी उघडून पाहण्यात मजा नाही' असे ते म्हणत. पण निवृत्तीनंतर त्या दिवसांबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

"जहाजवाला वजन बघतो आणि मापही बघतो," ते म्हणाले. "चाळीस घनफूट म्हणजे एक टन. दोन्हींत जे जास्त होईल त्याचं भाडं. तुला काय वाटतं, कापसाच्या गाठी दाबून दाबून दगडासारख्या का करत? गाठ ३९२ पौंडांची, दोन गाठींची एक खंडी. सुटा कापूस भरला तर जहाज भरून जाईल आणि वजन होणारच नाही! कुलाब्याला कापूस दाबायचे एवढे कारखाने निघाले ते काय हौसेनं?"

चिरंजीव मोबाइल खाली ठेवून ऐकू लागले. ही घटना आमच्या घरात दुर्मिळ आहे.

"आणि आपली गाडी," अण्णा पुढे म्हणाले, "ती काय सबंध आली असं वाटतं तुला? तेव्हा फियाटचे कितीतरी भाग तुरीनहून पेट्यांतून यायचे आणि कुर्ल्याला जोडायचे. सबंध मोटार म्हणजे आत चार माणसांची रिकामी जागा. त्या जागेचं भाडं कोण भरणार? अलेक्झांड्रा डॉकमध्ये मी स्वतः पाहिल्यात त्या पेट्या. मडगार्ड एकात एक बसवलेले, वाट्या रचतात तसे. बोट शिरायला जागा नसायची." मग थांबून म्हणाले, "तुझ्या इटालियनाला खोकं बांधता येत नाही. माप आण."

"कसलं माप?"

"जाळीचं! राहिलेले दोन तुकडे आहेत ना?"

त्यांनी स्वतः माप घेतले. चष्मा दोनदा पुसला. गटारात गेलेल्या तुकड्याची लांबी गाडीवरच्या भोकांवरून काढली. जाळी रुंदीला दोन फूट, उंचीला नऊ इंच, खोली तीन इंच. चारी बाजूंनी इंचभर भरण घालून खोके ६६ बाय २८ बाय १३ सेंटिमीटर. गुणाकार कागदावर, पेन्सिलीने. चिरंजीवांनी कॅल्क्युलेटर पुढे केला तो बाजूला सारून. उत्तर ४.८. वर घेऊन ५ किलो.

मग पत्र. अण्णा सांगत होते आणि मी लिहीत होतो. 'युवर एस्टीम्ड फेव्हर ड्यूली टू हँड' पासून सुरुवात. असले इंग्रजी त्या इटालियनाने जन्मात पाहिले नसेल. माल कसा ठेवावा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या घड्या कशा द्याव्यात, मध्ये पोकळी राहू नये म्हणून काय भरावे, सगळे क्रमवार. खाली मापे. शेवटी 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन'. चिरंजीव म्हणाले, "आजोबा, एवढं कोणी वाचत नाही." अण्णा म्हणाले, "ज्याला माल विकायचाय तो वाचतो."

तीन दिवसांनी उत्तर आले. पाठवण्याचा खर्च ६२ युरो.

मी आनंदाने ओरडलो, तर अण्णांनी हात वर केला. "थांब. कस्टम राहिलं." मग मला कळले, की जकात नुसत्या वस्तूच्या किमतीवर नसते, भाडे आणि विमा त्यात मिळवून जी रक्कम होते तिच्यावर असते. मात्र माल विमानाने आला तर भाडे वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरीत नाहीत. "म्हणजे भाडं १९० असतं तरी जकातीपुरतं १७ च," अण्णा म्हणाले. "सरकारला आहे तेवढी दया कुरियरवाल्याला नाही." तरीही जकात भरताना मला घाम फुटला, ते वेगळे. एकूण खर्च ऐकून सौभाग्यवतीने जो सुस्कारा सोडला त्याचे माप कोणत्याही कोष्टकात बसणार नाही.

पार्सल दसऱ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी आले. कुरियरचा मुलगा तीन जिने चढून वर आला होता. त्याला पाणी दिले. मी कात्री घेऊन धावलो. अण्णा म्हणाले, "फोडू नको." टेप घेऊन ते खोक्यापाशी बसले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जमिनीवर बसायला वेळ लागतो. आम्ही तिघे उभे राहून पाहत होतो. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली. पुन्हा लांबी मोजली.

"अडुसष्ट," ते कठोरपणे म्हणाले. "दोन सेंटिमीटर जास्त बांधलंय." पेन्सिल कानामागून काढून त्यांनी झाकणावरच गुणाकार मांडला. जरा वेळाने त्यांचा चेहरा सैल झाला. "४.९५. पाचाच्या आत आहे. आणखी एक सेंटिमीटर असता तर साडेपाच लागले असते."

जाळी लालबागच्या मेस्त्रींनी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बसवली. मजुरी घेतली नाही. सकाळी झेंडूचा हार सौभाग्यवतीने बांधला. दोरा कुठून ओवायचा ते अण्णांनी दाखवले, कारण आई नेहमी डावीकडून तिसऱ्या पट्टीतून ओवीत असे. मग आम्ही चौघे उलट्या दारांतून आत बसून चौपाटीपर्यंत जाऊन आलो. अण्णा पुढे बसले होते.

खोके टाकायला मी उचलले तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." ते त्यांच्या कॉटखाली आहे.