खोटी चिठ्ठी आणि शहाद्याचा रानपिंगळा

संग्रहालयातील मेलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, आणि तो कोणी मिळवला, एवढाच तिच्यावरील मजकूर. काचेच्या कपाटापुढून जाणाऱ्या प्रेक्षकाला ती सहसा दिसतही नाही. अभ्यासकाच्या लेखी मात्र चिठ्ठी हरवलेला पक्षी म्हणजे कापूस भरलेले कातडे. आणि चिठ्ठी हरवलेली नसून खोटी असेल तर? लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील अशाच एका चिठ्ठीची ही हकिगत. तिच्यामागचा पक्षी मात्र आपल्या खानदेशातला, सातपुड्याच्या पायथ्याचा.

चिंचेच्या ढोलीत राहणारा, मान खालीवर करून डोळे वटारणारा साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्याचे नातेही लोक याच पक्ष्याशी जोडतात. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके अगदी थोडे, शेपटीवर ठसठशीत पट्टे, आणि विशेष म्हणजे घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी शिकार करतो. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट याला तो आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात मिळाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने ही जात नवी असल्याचे जाहीर करून तिला ब्लेविटचे नाव दिले. हा तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला. पक्ष्यांवरील त्याची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून एका नोकराने रद्दीच्या भावात विकली, तेव्हा त्याचे मनच उडाले. १८८५ मध्ये त्याने आपला सारा संग्रह लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. साठ हजारांहून अधिक पक्षी होते ते, आणि ते बांधून नेण्यासाठी बाउडलर शार्प हा तेथील अधिकारी खास सिमल्याला आला होता. टिपणे गेली, पण चिठ्ठ्या वाचल्या.

ह्यूमच्या पाठोपाठ जेम्स डेव्हिडसन हे नाव येते. मुंबई इलाख्यातील हा मुलकी अधिकारी खानदेशात कामावर असताना पक्षी आणि अंडी जमवीत असे. शहादा-तळोद्याच्या जंगलांत त्याला रानपिंगळे मिळाले. जगातील सर्व संग्रहालये मिळून या पक्ष्याचे अस्सल नमुने सातच, आणि त्यांतील बहुतेक डेव्हिडसनचे. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर रानपिंगळा दिसेनासा झाला.

आता जरा मुंबईकडे वळावे लागेल. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांतले दोघे. १९०८ मध्ये गळ्यावर पिवळा डाग असलेली एक मारलेली चिमणी घेऊन ११-१२ वर्षांचा एक मुलगा मामांच्या ओळखीने या संस्थेत गेला. मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलले नाही. चिमणीची ओळख पटवून दिली आणि भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. संग्रहालये अशीच चालतात. खण विश्वासावर उघडायचे, आणि पाहणारा पाहून झाल्यावर ते जसेच्या तसे मिटेल असे गृहीत धरायचे.

लंडनमध्ये हाच विश्वास कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यालाही लाभला. सैनिक, हेर, पक्षिशास्त्रज्ञ, उत्तम कथेकरी. १९३७ मध्ये सालिम अलींनी त्याच्याबरोबर अफगाणिस्तानचा दौरा केला होता. संग्रहालयातील पक्षी परवानगीवाचून उचलून नेल्याबद्दल त्याला पक्षी विभागात काही काळ प्रवेशबंदी झाली होती. तेथील कर्मचाऱ्यांचा संशय त्यानंतरही पुरता फिटला नाही. पण माणूस वजनदार, घराणे मोठे. १९५४ मध्ये त्याने सुमारे वीस हजार पक्षी त्याच संग्रहालयाला भेट दिले, आणि ते स्वीकारले गेले. चोरीचा संशय असलेल्या माणसाची देणगी तपासून घ्यावी, एवढे साधे शहाणपण त्या वेळी कोणाला सुचले नाही, की सुचूनही बोलण्याचे धैर्य झाले नाही, कोण जाणे.

त्या वीस हजारांत एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठ, ९ ऑक्टोबर १९१४. म्हणजे १८८४ नंतरही पक्षी जिवंत होता, आणि तोही गुजरातेत! पुस्तकांत ही नोंद रुजू झाली. १९७०च्या दशकात डिलन रिप्ले आणि सालिम अली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. बरेच जण तो संपलाच असे धरून चालले.

१९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स याने दाखवून दिले की माइनर्टझागेनच्या संग्रहातील काही छोटे पक्षी मुळात दुसऱ्यांचे होते आणि त्यांच्या चिठ्ठ्या बदललेल्या होत्या. मग अमेरिकेतील पामेला रासमुसेन आणि इंग्लंडमधील नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या पिंगळ्याला हात घातला. येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पक्षी भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. कातडे कसे सोलायचे, हाडे कोठे छाटायची, पंख कसे मिटायचे, टाका कसा घालायचा, हे त्या माणसाच्या हस्ताक्षरासारखे असते. चिठ्ठी बदलता येते. हाताची सवय बदलत नाही. क्ष-किरणांखाली आणि भरणीच्या धाग्यांत त्यांना जुन्या भरणीच्या खुणा दिसल्या. पक्षी डेव्हिडसनचा होता. संग्रहालयातून चोरून, जुनी भरण काढून, नव्याने भरून आणि नवी चिठ्ठी बांधून तो त्याच संग्रहालयाला दान केलेला होता! १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात त्यांनी हे सारे पुराव्यानिशी छापले.

पण त्याआधीच या तपासाचे फळ मिळाले होते. मांडवी खोटी ठरताच शोधाच्या नकाशावर उरल्या त्या केवळ एकोणिसाव्या शतकातील जागा. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट त्या जागा पाहण्यास निघाले. पूर्वेकडे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या उतरणीवर, किंगला एका झाडावर भर उजेडात बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, आणि डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर नोंदलेल्या त्याच मुलखात.

स्थानिक आदिवासींच्या नजरेतून तो इतकी वर्षे सुटला असेल असे मानणे मात्र कठीण आहे. हरवला होता तो कागदावर.

नंतर सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ आणि मेळघाट पालथे घातले. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईकर ज्या तलावाचे पाणी पितात त्याच्याच काठच्या जंगलात. २०१८ मध्ये त्याची वर्गवारी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी झाली. सागाची जंगले तुटून तेथे शेते होत आहेत, हे संकट मात्र कायम आहे.

लंडनच्या संग्रहालयातील पक्षी आता शहराबाहेर ट्रिंग येथे ठेवलेले आहेत. माइनर्टझागेनचे हजारो पक्षी तेथेच आहेत. त्यांतील बऱ्याच चिठ्ठ्या खोट्या निघाल्या आहेत. उरलेल्यांपैकी खऱ्या कोणत्या, हे एकेक पक्षी तपासूनच ठरवावे लागते.