शेफ व्हायचंय? मग आधी शेगड्या मोजा



दहावी-बारावीचे निकाल लागले की जुने विद्यार्थी आईवडिलांना घेऊन आपल्याकडे येतात, हा तुमचाही अनुभव असेल. प्राथमिकच्या बाईंना यातलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण खेड्यात विचारायला दुसरं माणूस असतं कुठं? पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. सायन्स की कॉमर्स, नर्सिंग की आयटीआय. आता त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे : "बाई, लेकराला शेफ व्हायचंय म्हणे. कुठं घालू?"

'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात माझ्या चौथीच्या वर्गात डॉक्टर आणि पोलिसाच्या जोडीला आता शेफ असतो. टीव्ही आणि मोबाईलने तो घरोघरी नेला. मुलांनी स्वप्न बघावं. काळजी वाटते ती त्या स्वप्नाची फी भरणाऱ्यांची.

हे मी का लिहिते आहे ते सांगते. आमच्या शाळेत शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंची मुलगी माझी विद्यार्थिनी. चुलीशेजारी बसून बाराखडी शिकलेली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला तांदूळ 100 ग्रॅम आणि डाळ 20 ग्रॅम, हे प्रमाण तिला तिसरीतच पाठ होतं. "आज नव्वद पोरं, म्हणजे नऊ किलो तांदूळ अन् एक किलो आठशे डाळ," असं ती फळ्याकडे न बघता सांगायची. बारावीच्या वर्षी तिने शेफ व्हायचं ठरवलं. वडील म्हणाले, "सैपाकच शिकायचाय, तर आईकडं शीक की. त्याला पैसे कशाला?"

मुलीने घरी चार माणसांचा स्वयंपाक केला तर ते तिचं कर्तव्य. तेच काम हॉटेलात पगारावर करायचं म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. म्हणून वडिलांना मी एक माहिती सांगितली. मुंबईत दादरला केटरिंग कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे. ती 1954 साली सुरू झाली, आणि ती सुरू करणारी संघटना महिलांची होती. लीलावती मुन्शी त्यांच्या पुढारी होत्या. म्हणजे हे शिक्षण आपल्याकडे आणलंच मुळी बायकांनी. वडील गप्प झाले, पण काही दिवसांनी एक माहितीपत्रक घेऊन आले. मोठ्या शहरातली खासगी संस्था, गुळगुळीत कागद, पांढऱ्या उंच टोप्या घातलेली हसरी मुलं आणि फी साडेतीन लाख. त्यासाठी ताईंचं डोरलं आणि पाटल्या गहाण टाकायची तयारी झाली होती.

आता माझ्या पिढीची गोष्ट. आम्ही डीएड केलं तेव्हा जिकडे तिकडे डीएड कॉलेजं निघाली होती. 2010 च्या सीईटीतून मला नोकरी लागली. त्यानंतर कितीतरी वर्षं भरतीच थांबली. माझ्यापेक्षा हुशार मैत्रिणी आज दुकानात हिशेब लिहितात, शिकवण्या घेतात. कॉलेजांच्या पाट्या हळूहळू उतरल्या, पण आईबापांनी भरलेले पैसे काही परत आले नाहीत. त्यामुळे 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं छापलेलं दिसलं की मी पुढचं सावकाश वाचते.

मी एक किरकोळ रजा टाकली. त्या दिवशीची खिचडी दुसऱ्या मदतनीस ताईंनी सांभाळली. आम्ही तिघी, मी, ताई आणि मुलगी, एसटीने शहरात गेलो.

माहितीपत्रकातल्या संस्थेत आधी आम्हाला गार हवेच्या खोलीत बसवलं. "आज नाव नोंदवलं तर फीत सूट," असं तिथल्या बाईंनी दोनदा सांगितलं. स्वयंपाकघर बघायचं म्हटल्यावर जरा वेळ गेला. स्वयंपाकघर चकाचक होतं. साठ मुलांची तुकडी आणि आठ शेगड्या. सर करून दाखवत होते, मुलं वहीत उतरवून घेत होती. ताईंनी एका शेगडीखाली वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, हितं उतू गेल्याचा एक डाग न्हाई. पोरं सोताच्या हातानं करत्यात, का नुसती बघत्यात?"

त्याच शहरातल्या सरकारी संस्थेत दुपारी गेलो. इमारत जुनी, रंग उडालेला. पण दोन मुलांमागे एक शेगडी होती. कांदा बारीक चिरायचा तास चालू होता आणि शिकवणाऱ्या मॅडम प्रत्येकाच्या पाटाशी जाऊन सुरी धरलेला हात सरळ करत होत्या. एका मुलाचं सूप करपलं होतं, ते त्याला ओतून पुन्हा करायला लावलं. डीएडला आमचे सराव पाठ असेच व्हायचे. टाचण कितीही सुंदर काढा, मुलांसमोर उभं राहिल्याशिवाय पाठ येत नाही. स्वयंपाकही हाताने करूनच येतो.

आता वाटा कोणत्या ते थोडक्यात सांगते. बारावीनंतर केंद्र सरकारच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहेत. त्यांच्यासाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या चार वर्षांच्या पदवीसाठी सीईटी सेल वेगळी परीक्षा घेतो. एक लक्षात घ्या, हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे फक्त स्वयंपाक नाही. तिथे फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग आणि वाढपाची सेवाही शिकावी लागते. ज्याला हॉटेल चालवायचं आहे त्याला ते हवंच. ज्याला फक्त स्वयंपाकातच रस आहे त्याच्यासाठी तिरुपती आणि नोएडा इथे इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट आहे. दीड वर्षाचे क्राफ्ट अभ्यासक्रम आहेत. काही आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन आणि बेकर अँड कन्फेक्शनर हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. आयटीआय म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण कमी पैशात हात बसवून घ्यायचा तर ती वाट वाईट नाही.

संस्था कोणतीही असो, पालकांनी तोंड उघडून विचारावं. आठवड्यात प्रात्यक्षिकाचे तास किती? एका शेगडीमागे मुलं किती? शिकवणाऱ्यांनी स्वतः हॉटेलच्या किचनमध्ये किती वर्षं काढली आहेत? प्रमाणपत्र कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ देणार? फीमध्ये कच्चा माल, गणवेश, सुऱ्यांचा संच येतो की ते पैसे वेगळे? प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत, हे लेखी मिळेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षीची मुलं प्रशिक्षणासाठी कुठल्या हॉटेलात गेली आणि आज कुठे आहेत? त्यांतल्या दोघांचे फोन नंबर मागा आणि खरंच फोन करा. मुलीचे पालक असाल तर रात्रपाळी सुटल्यावर तिने वसतिगृहावर जायचं कसं, हेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

नोकरीची पहिली पायरीही मुलांना आधीच दाखवायला हवी. शिकून बाहेर पडलेला मुलगा शेफ नसतो, तो 'कॉमी' असतो. म्हणजे हाताखालचा स्वयंपाकी. दहा-बारा तास उभं राहणं, भाजणं, कापणं, पोतंभर बटाटे सोलणं आणि सुरुवातीचा बेताचाच पगार. सणावाराला घरचे जेवत असतात, तेव्हा याची पाळी असते.

म्हणून फी भरण्याआधी मी मुलीला एक गोष्ट करायला लावली. बारावीची परीक्षा संपल्यावर लग्नसराईत गावच्या आचाऱ्याच्या हाताखाली दहा दिवस काम. आठव्या दिवशी भेटली तेव्हा मनगटावर तेल उडाल्याचा चट्टा होता, पाय सुजले होते. मी म्हटलं, "आता काय म्हणतेस?" ती म्हणाली, "बाई, मामा मीठ अंदाजानं टाकतात. पाचशे पानांचं प्रमाण मी वहीत लिहून काढलंय. परवापासून ते मलाच विचारतात." तिच्या वडिलांनी ही वही चाळली आणि त्यानंतर पैसे कशाला, हा प्रश्न काही विचारला नाही.

सध्या ती दीड वर्षाच्या क्राफ्ट अभ्यासक्रमाला आहे. पुढे पदवी करायची का, ते कमावायला लागल्यावर ठरवणार आहे. डोरलं ताईंच्या गळ्यात आहे. पाटल्या मात्र वसतिगृहाच्या खर्चासाठी गहाण टाकाव्या लागल्या. ती नीट उभी राहीपर्यंत मला त्यांची काळजी वाटत राहणार.

शिक्षक मित्रहो, तुमच्याकडे असं कुणी आलं तर नुसतं कॉलेजचं नाव सांगू नका. जमलं तर एक दिवस सोबत जा. सुट्टीत नको, कामाच्या दिवशी जा, प्रात्यक्षिकाचा तास चालू असेल तेव्हा. आणि मुलाच्या आईला घेतल्याशिवाय जाऊ नका. शेगडीवर खरंच रोज काही शिजतं का, हे तिला एका नजरेत कळतं.