पत्रे उडाल्यावर

२० मे २०२५, मंगळवार. वढू बुद्रुक

संध्याकाळी वळीव आला. आधी नुसता वारा, पाऊस मागाहून. वरच्या मजल्याचे पत्रे अँगलसकट उचलले गेले आणि मागच्या वावरात पडले. चिंचेची फांदी जिन्याच्या भिंतीवर कोसळली, सोलरच्या नळ्या फुटल्या. वरच्या खोलीतल्या गाद्या, टीव्ही, सूनबाईचं शिलाई मशीन चिंब भिजलं. माणसं आणि जनावरं सुखरूप आहेत, यातच सगळं आलं.

शेजारच्या आत्यांच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली. त्यांना रात्री आमच्याकडेच आणलं.

२१ मे

सूनबाई खराटा घेऊन वर निघाली होती. थोरल्यानं अडवलं, "आधी फोटो काढू, मग झाडलोट." रांजणगावला कंपनीत असल्यामुळे त्याला हे ठाऊक. प्रत्येक खोलीचे लांबून आणि जवळून फोटो काढले, वावरातल्या पत्र्यांचेही काढले. मग ताडपत्री अंथरली, कारण नुकसान आणखी वाढू न देणं हीसुद्धा विमा घेणाऱ्याचीच जबाबदारी असते. भंगारवाला दुपारीच दारात आला. त्याला परत पाठवलं. सर्व्हेअरनं पाहिल्याशिवाय पत्रा हलवायचा नाही.

कालच्या वाऱ्यानं सणसवाडीजवळ महामार्गालगतचं होर्डिंग पडून खालच्या दुचाक्या चेपल्या. त्या बातमीचं कात्रण फाईलला लावलं. वादळ त्याच दिवशी, याच भागात झालं होतं, याचा तो पुरावा.

विमा कंपनीला फोन करून दावा क्रमांक घेतला.

२२ मे

घरकर्ज घेताना बँकेनंच विमा उतरवला होता. त्याचा हप्ता कर्जातूनच गेला. गावात नव्या बांधकामाची घरं बरीच आहेत, पण विमा आहे तो बहुतेकांचा असाच, आणि पॉलिसी कर्जाच्या फाईलमध्ये पडून. बँकेतले साहेब म्हणाले, "काका, हा फक्त इमारतीचा विमा आहे, सामानाचं काही मिळायचं नाही."

घरी येऊन चष्मा लावून पॉलिसी वाचली. नाव 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक इर्डाईनं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक केलं आहे. पहिल्याच पानावर 'इमारत आणि सामान' असं स्वच्छ लिहिलेलं. असा विमा असला की इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरगुती सामान आपोआप धरलं जातं. आमची इमारत १८ लाखांची, म्हणजे सामानाला ३ लाख ६० हजारांची मर्यादा. दागिने वगैरे मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

कुंपणभिंत, फाटक, पाण्याची टाकी, सोलर, सेप्टिक टँक, इतकंच काय बायोगॅसही कायमचा बांधलेला असेल तर इमारतीतच मोजतात. पुढच्या पानावर आग, भूकंप, पूर, वादळ यांच्या यादीत दंगल आणि हेतुपुरस्सर केलेलं नुकसानही आहे. त्या ओळीवर बराच वेळ थांबलो. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि आमच्या पंचक्रोशीत दगडफेक, जाळपोळ झाली. घरं, दुकानं, गाड्या जळाल्या. दंगलीतल्या नुकसानीलाही विमा असतो, हे तेव्हा आमच्यापैकी कितीजणांना माहीत असेल?

२४ मे

तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. आमच्या पंचनाम्याची नक्कल विम्याच्या कामाला येईल. आत्यांना मात्र एवढाच आधार. आपत्ती निधीच्या निकषात पक्कं घर अंशतः पडलं तर ६,५०० रुपये, कच्चं असेल तर ४,०००, आणि तेही निदान १५ टक्के पडझड झाली असली तरच. मैदानी भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. चार हजारांत आत्यांची भिंत कशी उभी राहायची? ज्याचं घर कच्चं, त्याला मदतही कमी, हा निकष मला अजिबात पटत नाही. भाऊसाहेबांना तसं स्पष्ट बोललो. ते तरी काय करणार, तक्ता वरून आलेला.

२६ मे

मान्सून आज पुण्यात दाखल. मे महिन्यात! ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री टाकली.

याच पावसात सर्व्हेअर आले. माणूस नेमका होता. टेप लावून भिंत मोजली, गवंड्याचं अंदाजपत्रक, घराचा नमुना ८ चा उतारा, पंचनामा, टीव्हीची पावती मागितली. शिलाई मशीनची पावती नव्हती, त्याचा जुना फोटो दाखवला. गोठ्याचं छप्पर आणि चाळीतला कांदा त्यांनी धरला नाही. गोठा राहण्याची जागा नव्हे आणि कांदा विक्रीचा, हे मलाही मान्य. मोडक्या पत्र्यांची भंगार किंमत वजा होईल, हेही सांगितलं.

मला धाकधूक होती ती बांधकामाचे दर वाढल्याची. विमारक्कम अपुरी म्हणून त्या प्रमाणात दावा कापतील की काय? ते म्हणाले, या पॉलिसीत तशी कपात करता येत नाही.

१३ जून

कंपनीचा ईमेल: इमारतीचा दावा ग्राह्य, सामानाचा नाही. थोरला चिडला. मी पॉलिसीचं पहिलं पान आणि सामानाचं कलम जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय घ्यायचा. तेही पत्रात घातलं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. फक्त नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

४ जुलै

सामानाचा दावाही मान्य झाला, लोकपालाकडे जावं लागलं नाही. एक अडचण उरली. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यानं पैसे आधी कर्जखात्याकडे जातात. दुरुस्तीसाठी ते माझ्या बचत खात्यात द्यावेत असा अर्ज केला, बँकेनं ना-हरकत दिली.

२० जुलै

पत्रे बसले. भंगार विकलं. आत्यांच्या भिंतीला भावकीनं विटा दिल्या, मजुरी आम्ही उचलली. सरकारी मदत अजून जमा व्हायची आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडणार आहे. ज्यांनी घरकर्ज काढलं आहे त्यांनी बँकेतून पॉलिसीची प्रत मागून घ्या. मुदत कधी संपते ते पाहा, पहिल्या पानावर 'सामान' लिहिलं आहे का ते पाहा, आणि घराचे आजचे फोटो मुलांच्या मोबाईलमध्ये ठेवा.